डिकीचं लॉक जाम झालंय, ड्रिल मारू का?

प्रश्न : नमस्कार, बाबांची १९९४ची चेतक स्कूटर आहे. बरीच वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती, आता काम करून घेतलं आणि इंजिन मस्त लागलंय. पण हँडलखालची पुढची डिकी आहे ना, तिचं लॉक जाम. चावी आत जाते, थोडी फिरते आणि मग अडकते. परवा कशीबशी उघडली तेव्हापासून भीतीने बंदच केली नाहीये. मेकॅनिक म्हणतो ड्रिल मारून उडवू आणि नवीन टाकू. लॉक काढून, साफ करून परत बसवता येणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : येतं की! आणि डिकी उघडी ठेवलीत हे फार बरं केलंत, कारण लॉक सोडवायचं ते झाकणाच्या आतल्या बाजूने, बंद असती तर खरंच वैताग होता. ड्रिल अगदी शेवटी.

आधी एक करा. झाकण उघडंच ठेवून चावी फिरवून बघा. अशी फिरत असेल आणि झाकण लावल्यावरच अडकत असेल, तर लॉक बिचारं ठीक आहे, बिजागरी ढिली होऊन झाकण खाली आलंय आणि लॉकची जीभ समोरच्या पट्टीवर घासतेय. मग बिजागरीचे स्क्रू सैल करा, झाकण थोडं वर उचलून परत आवळा, झालं काम. जुन्या गाड्यांत हे खूप दिसतं आणि लोक उगाच लॉक बदलत बसतात.

उघड्या झाकणातही अडकत असेल तर मात्र लॉक काढायचं. खाली जुनं फडकं अंथरा, आतल्या बारीक स्प्रिंगा एकदा उडाल्या की सापडत नाहीत. जीभ कुठल्या दिशेला आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा, हे विसरू नका, कारण बसवताना ती उलटी लागली की चावी फिरते पण डिकी लागतच नाही. जीभ स्क्रूने नाहीतर नटने धरलेली असते आणि अख्खं लॉक मागून नट, क्लिप किंवा सर्क्लिपने (खाचेत बसणारी गोल क्लिप). तुमच्याकडे काय आहे ते बॅटरी मारून बघा आणि मगच पाना लावा, पक्कडीने ओढाताण नको. लॉकची बॉडी बहुतेक वेळा जस्ताच्या ओतीव धातूची असते, आटे पटकन जातात.

बाहेर काढलं की वाटीत थोडं रॉकेल घेऊन भिजत ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. आता मधला गोल भाग, म्हणजे बॅरल, बाहेर येत असेल तर चावी घालून निरखून बघा. त्याच्यात पातळ पितळी पट्ट्या असतात, बरोबर चावी घातली की सगळ्या आत जाऊन पृष्ठभागाशी सपाट होतात. एखादी वर डोकावत असेल तर तीच अडवतेय. पट्टी साफ केल्यावरही तसंच राहिलं तर चावी झिजलीय समजा, आणि झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढलीत तर झीजसुद्धा डुप्लिकेट होऊन येते! चावीवाल्याला लॉकच नेऊन द्या, तो कोरी चावी आत हलवून उमटलेल्या खुणांवरून कानशीने घासतो. पट्ट्या काढल्याच तर क्रमाने मांडून ठेवा.

तेल घालायचं नाही, खोबरेल तर नाहीच नाही (प्रत्येक घरात कुणीतरी घालतंच), धूळ धरून त्याचा चिकटा होतो. ४बी किंवा ६बी पेन्सिलीचं शिसं खरवडून ती पूड आत सोडा.

बसवताना बॅरल चावीसकट आत सरकवा, नाहीतर पट्ट्या बाहेर येऊन अडतात. मग फोटो बघून जीभ लावा, नट हाताने बसवून पान्याने जेमतेम आवळा. आणि झाकण उघडं असतानाच आठ-दहा वेळा चावी फिरवून खात्री करा. आधीच झाकण लावलंत आणि आत काही चुकलं असेल तर मग मेकॅनिकचं ड्रिल आहेच.

नवीनच घ्यायची वेळ आली तर पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. नवीन लॉक त्याच जातीचं निघालं तर जुन्याच्या पट्ट्या त्यात घालून जुनीच चावी चालवता येते, जुडग्यात आणखी एक चावी वाढत नाही.

आणि हो, आरसी डिकीत ठेवू नका. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, ऐन वेळी कागद आतच अडकायचे.

प्रश्न : माझी चावी लॉकमध्येच तुटली. तुटक्या टोकाला फेव्हिक्विक लावून काढू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको, पट्ट्याच चिकटतील आणि लॉक कायमचं जाईल. चावी ज्या स्थितीत आत-बाहेर होते त्या स्थितीत खाच आणा, पातळ स्क्रू ड्रायव्हरने हळूच फिरवून. मग जिगसॉचं (लाकडाची नक्षी कापायच्या हातकरवतीचं) बारीक पातं, दात बाहेरच्या बाजूला वळलेले ठेवून, चावीच्या कडेने आत सरकवा आणि दात चावीत रुतवून बाहेर ओढा. तुकडा टाकून देऊ नका, दोन्ही तुकडे जुळवून चावीवाला नवीन चावी करून देतो.