पोलंड आणि लिथुआनियातील ज्यू वारसा: अभ्याससहल कशी आखावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या अभ्यासमंडळाचा पंधरा-वीस जणांचा गट पुढच्या वर्षी दोन आठवड्यांसाठी पोलंड आणि लिथुआनियात ज्यू वारसा पाहायला जाणार आहे. प्रवास कंपनीच्या आराखड्यात आउशवित्झ, मायदानेक आणि त्रेब्लिंका या नाझींच्या मृत्युछावण्यांना बहुतेक दिवस दिलेले आहेत. हा आराखडा योग्य आहे का, यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा थोडी शिकून जावे का आणि तिथे आज ज्यू समाज उरला आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी वॉर्सात काही वर्षे राहिले आहे आणि अशा गटांबरोबर दुभाषी म्हणून हिंडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हा आराखडा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छावण्या पाहू नयेत असे मी म्हणत नाही. पण ज्या गटाला तिथे काय जगत होते हे ठाऊक नाही, त्याला काय नष्ट झाले हेही कळत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे 33 लाख ज्यू राहत होते. एकट्या वॉर्सात साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दर तीन रहिवाशांमागे एक. त्यांची वर्तमानपत्रे, नाटक मंडळ्या, कामगार संघटना, शाळा आणि एकमेकांशी कडाडून भांडणारे राजकीय पक्ष होते. 1264 साली कालिशच्या सनदेने त्यांना संरक्षण मिळाले आणि त्यानंतरची कित्येक शतके हा प्रदेश जगातील ज्यू जीवनाचे मोठे केंद्र राहिला. हे सारे न पाहता थेट छावणीच्या फाटकाशी उतरलेला गट मृतांच्या आकड्यांनी सुन्न होतो, पण ती माणसे कोण होती याची ओळख मात्र त्याला होत नाही.

म्हणून प्रवास विल्निअसपासून सुरू करून दक्षिणेकडे यावे आणि क्राकोवला संपवावा, असे मी सुचवेन.

विल्निअसला, म्हणजे ज्यूंच्या व्हिल्नाला, चार दिवस द्या. अठराव्या शतकात 'व्हिल्नाचा गाओन', म्हणजे थोर धर्मपंडित, म्हणून गौरवले गेलेले एलिया बेन श्लोमो येथेच राहत होते आणि या शहराला 'लिथुआनियाचे जेरुसलेम' म्हणत असत. 1925 साली यिद्दिश भाषा आणि पूर्व युरोपातील ज्यूंचे लोकजीवन यांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासासाठी 'यिवो' ही संस्था येथे उभी राहिली. सामान्य माणसांनी आपल्या गावच्या म्हणी, गाणी, समजुती टिपून या संस्थेकडे पाठवाव्यात, अशी तिची पद्धत होती. नाझींनी शहर घेतल्यावर घेट्टोतील, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतील, काही विद्वानांना आणि कवींना याच संग्रहाची छाननी करण्याच्या कामाला जुंपले. निवडक सामग्री जर्मनीला जायची आणि उरलेली लगद्याच्या गिरणीत. त्या माणसांनी, ज्यांत अब्राहम सुत्झकेवर आणि श्मेर्के काचेर्गिन्स्की हे कवी होते, कपड्यांखाली कागद दडवून घेट्टोत आणले आणि तळघरांत पुरले. 1946 च्या फेब्रुवारीत सुत्झकेवर यांनी न्यूरेंबर्गच्या खटल्यात साक्ष दिली. युद्धानंतर सोव्हिएत राजवटीत हाच संग्रह पुन्हा नष्ट होण्याच्या बेतात असताना अंतानास उल्पिस या लिथुआनियन ग्रंथपालाने तो एका जुन्या चर्चमध्ये लपवून ठेवला. त्यातील सुमारे 1,70,000 पानांचा मोठा साठा ओळखला गेल्याची घोषणा 2017 मध्ये झाली.

ही हकिगत मी लांबवली, कारण आपल्या विषयातील वारसा आणि भाषा हे दोन्ही धागे त्यात एकत्र येतात. घेट्टोतील वाचनालयाने 1942 च्या डिसेंबरमध्ये एक लाखावे पुस्तक वाचकाच्या हाती दिल्याचा समारंभ केला होता. ते वाचनालय ज्या रस्त्यावर होते, तिथे आपल्या गटाला उभे करा आणि ही गोष्ट तिथेच सांगा. जुन्या शहरात काही भिंतींवर दुकानांच्या यिद्दिश पाट्यांची अक्षरे अजून दिसतात. मोठ्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, जागाही पाहा. युद्धात त्याची पडझड झाली आणि उरलेली इमारत सोव्हिएत सरकारने पन्नाशीच्या दशकात पाडून तिथे शाळा बांधली. अलीकडच्या उत्खननात तिचे अवशेष सापडले आहेत. शहराबाहेरच्या पोनारच्या रानात, जिथे सुमारे 70,000 ज्यूंना गोळ्या घालून मारण्यात आले, तिथे चौथ्या दिवशी जा. तोवर गटाला या शहरातील माणसे नावांनिशी माहीत झालेली असतील.

आता भाषेविषयी. यिद्दिशचा पाया मध्ययुगीन जर्मनचा आहे, त्यात हिब्रू-अरामी आणि स्लाव्ह भाषांचा मोठा भरणा आहे आणि ती हिब्रू लिपीत उजवीकडून डावीकडे लिहितात. युद्धापूर्वी ती बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते. 1908 साली चेर्नोवित्झच्या परिषदेत तिला ज्यू लोकांची 'एक राष्ट्रीय भाषा' म्हणून मान्यता देण्यात आली. 'एकमेव' म्हणावे की 'एक', यावरून तिथे बराच वाद झाला होता, कारण हिब्रूचे पुरस्कर्तेही हजर होते. आज ती घरोघरी बोलली जाते ती प्रामुख्याने न्यूयॉर्क, जेरुसलेम, अँटवर्प अशा ठिकाणच्या हासिदी, म्हणजे एका कर्मठ धार्मिक पंथाच्या, कुटुंबांत. पण विद्यापीठांतून, उन्हाळी वर्गांतून आणि 2021 पासून ड्युओलिंगोवरही ती शिकता येते.

शिकून जावे का? हो, निदान लिपी तरी शिकावी. आठवड्यातून एकदा तास दोन तास बसल्यास तीन महिन्यांत बावीस अक्षरे, त्यांची पाच अंत्यरूपे आणि यिद्दिशमधील स्वरचिन्हे बऱ्यापैकी येतात. आपल्या गटात कुणाला जर्मन येत असेल तर त्याला फारच आनंद होईल. मोडी लिपी येताच ओळखीची मराठी जशी जुन्या कागदातून बोलू लागते, तसा अनुभव त्याला यिद्दिश वाचताना येतो. एक सावधानता मात्र बाळगा. थडग्यांवरचे लेख बहुधा हिब्रूत असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी तयारी लागेल. 'येथे दफन केले आहे' या अर्थाची वरची दोन अक्षरे, नाव, वडिलांचे नाव आणि अक्षरांतून मांडलेले ज्यू वर्ष, एवढे वाचता आले तरी दफनभूमीतील फेरफटक्याला वेगळाच अर्थ येतो. वॉर्सातील ओकोपोवा रस्त्यावरच्या 1806 सालच्या दफनभूमीत एस्पेरांतो भाषेचे जनक झामेनहॉफ आणि यिद्दिश लेखक पेरेत्झ या दोघांचीही थडगी आहेत. तिथे प्रत्येकाला एकेक शिला वाचायला द्यावी.

विल्निअसहून वॉर्साला विमानाने किंवा रेल्वेने जाण्याचा मोह टाळा आणि बस करून मधली गावे पाहा. सेयनी या सीमेवरच्या गावात ज्यू कुणीच उरलेले नाही. तिथल्या पांढऱ्या सिनेगॉगमध्ये 1990 पासून काम करणाऱ्या 'पोग्रानिच' संस्थेने गावातील पोलिश आणि लिथुआनियन मुलांना क्लेझमर हे पूर्व युरोपातील ज्यूंचे पारंपरिक संगीत शिकवून वाद्यवृंद उभा केला. टिकोत्सिनचे सिनेगॉग 1642 सालचे असून त्याच्या भिंतींवर प्रार्थना रंगवलेल्या आहेत. त्या गावातील सुमारे दोन हजार ज्यूंना 1941 च्या ऑगस्टमध्ये जवळच्या वोपुहोवो जंगलात नेऊन मारण्यात आले. हे दोन्ही थांबे एकाच दिवशी होत असल्याने गटाचे मन जड होते, तेव्हा त्या संध्याकाळी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका.

वॉर्सात 'पोलिन' संग्रहालयाला एक पूर्ण दिवस लागतो. त्याचे मुख्य प्रदर्शन 2014 मध्ये खुले झाले आणि त्यात पोलंडमधील ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास मांडलेला आहे. ग्वोझ्झेत्सच्या लाकडी सिनेगॉगचे रंगीत छत तिथे पुन्हा घडवले आहे, त्याखाली गटाने निवांत थांबावे. दुसऱ्या दिवशी ज्यू इतिहास संस्थेत जाऊन इमानुएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेट्टोत गुप्तपणे जमवलेले दप्तर पाहा. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून त्यांनी ते पुरले. त्यातले दोन साठे 1946 आणि 1950 मध्ये सापडले. तिकिटे, जाहिराती, शाळकरी मुलांचे निबंध, गोड गोळ्यांची वेष्टने असे सारे त्यात आहे. पुढे लुब्लिनला 'ग्रोड्स्का वेस' या केंद्रात शहरातील सुमारे 43,000 ज्यू रहिवाशांपैकी प्रत्येकासाठी एकेक फाइल ठेवली आहे आणि त्यांतल्या पुष्कळ फाइलींत अद्याप फारसे काहीच नाही. हे काम गेली कित्येक वर्षे प्रामुख्याने ज्यू नसलेली माणसे करत आहेत. मायदानेक तिथून शहराच्याच हद्दीत आहे, ते तिथूनच पाहावे. त्रेब्लिंका मी वगळेन.

पोलिश शेजाऱ्यांच्या वर्तनाचा विषय गटाने टाळू नये. येद्वाब्ने गावात 1941 च्या जुलैमध्ये शेजाऱ्यांनीच ज्यूंना मारले आणि युद्ध संपल्यानंतर, 1946 मध्ये, केल्त्से शहरात जमावाने 42 ज्यूंचा बळी घेतला. त्याच देशात ज्यूंना लपवल्याबद्दल नाझींनी संपूर्ण पोलिश कुटुंबेही ठार केली. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा वाटाड्या निवडा. फक्त एकच बाजू सांगणारे दोन्ही प्रकारचे वाटाडे तिथे मिळतात.

समाजाच्या पुनरुज्जीवनाविषयी आपण विचारले, तिथे मला एक भेद करावासा वाटतो. सेयनी आणि लुब्लिनमध्ये चालते ते स्मृती जपण्याचे काम आहे आणि ते फार मोलाचे आहे. पण समाज पुन्हा उभा राहणे ही वेगळी गोष्ट आहे. 1968 साली कम्युनिस्ट सरकारने चालवलेल्या ज्यूविरोधी मोहिमेमुळे किमान 13,000 जणांना देश सोडावा लागला आणि जे राहिले त्यांतल्या अनेकांनी आपली ओळख मुलांपासूनही लपवली. 1989 नंतर अशा घरांतील मुले, नातवंडे स्वतःचा शोध घेऊ लागली. क्राकोवमधील ज्यू समाजकेंद्र 2008 साली सुरू झाले आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे शाब्बातचे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, जेवण असते. काझिमिएझ या क्राकोवच्या जुन्या ज्यू वस्तीत दिव्यांच्या माळा लावून क्लेझमर वाजवणारी जी उपाहारगृहे दिसतात, ती बरीचशी पर्यटकांसाठी आहेत. बाजारात नाणे धरलेल्या ज्यूच्या मूर्ती 'भाग्यदायी' म्हणून विकतात, त्या कुणीही विकत घेऊ नयेत आणि का घेऊ नयेत याची चर्चा गटात आधीच करावी.

माझा आग्रह असा, की आउशवित्झची भेट क्राकोवच्या मुक्कामात गुरुवारी ठेवा आणि शुक्रवारी संध्याकाळी समाजकेंद्रात जेवायला जा. आगाऊ नोंदणी करा, जेवणाचे पैसे द्या, शाब्बात सुरू झाल्यावर फोन आणि कॅमेरे खिशातच ठेवा, पुरुषांनी डोके झाकावे. टेबलावर शेजारी बसलेल्या तरुणाला 'तुमच्या घरातले किती गेले' असे विचारू नका, तसेच इस्राएलच्या धोरणांचा जाबही त्याच्याकडे मागू नका. तो काय शिकतो, कुठे काम करतो, पेसाखच्या सणाला काय शिजवतो हे विचारा. मग पुढचे तोच सांगतो.

तो आपल्यालाही विचारेल. भारतात ज्यू आहेत का, हा प्रश्न आपल्या गटाला हमखास येणार आणि मराठी माणसांना त्याचे उत्तर देता आले पाहिजे. निघण्यापूर्वी एकदा परवानगी घेऊन अलिबागचे किंवा पुण्यातील 'लाल देऊळ' म्हणून ओळखले जाणारे सिनेगॉग बघा. कोकणातील बेने इस्राएल हे ज्यू मराठीत कीर्तने करत आले, गावावरून नवगावकर, किहीमकर, पेणकर अशी आडनावे लावत आले. 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. यिद्दिशच्या गावी जाऊन आपण ज्यूंच्या आणखी एका भाषेची, आपल्याच भाषेची, हकिगत सांगू शकतो, याचे तिथल्या लोकांना फार अप्रूप वाटते, हे मी पाहिले आहे.

काळाविषयी शेवटचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना, योम किप्पूर आणि सुक्कोथ हे ज्यू सण असतात, त्या दिवसांत ज्यू संस्था बंद असतात आणि माणसे भेटत नाहीत. जूनचा उत्तरार्ध सर्वांत चांगला, कारण क्राकोवचा ज्यू संस्कृती महोत्सव, जो 1988 पासून होतो, बहुधा जूनअखेर ते जुलैच्या आरंभी असतो आणि आपला शेवटचा मुक्काम त्यात बसवता येतो. त्या आठवड्यात काझिमिएझमधील खोल्या लवकर भरतात, तेव्हा आधी महोत्सवाच्या तारखा पाहा, मग आउशवित्झच्या वाटाड्याची वेळ राखून घ्या आणि बाकीचे दिवस त्यांच्या मागे उलट मोजत लावा. भाषेच्या वर्गासाठी मार्चपासून सुरुवात केली तर वेळ पुरेल.