आधी दर्शन ठरव, मग समीकरण मांड

नाशिक

प्रिय अभ्यासक,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आत्म्याची मोक्षाकडची वाटचाल गणितात मांडणारी तुझी वही वाचली. आडव्या अक्षावर जन्म, उभ्या अक्षावर ‘आत्म्याची प्रगती’, आणि शंभराकडे चढत जाणारी एक गुळगुळीत रेघ. मेहनत दिसते. पण उभ्या अक्षावर नेमकं काय मोजलं आहे, ते वहीत कुठेच नाही. या विषयात आकडेमोड सहसा चुकत नाही, चुकतो तो चल, म्हणजे मोजायची बदलती राशी. आणि चल कुठला घ्यायचा हे गणित सांगत नाही, दर्शन सांगतं.

आत्माच चल घेतला, तर अद्वैती पहिल्याच पानावर अडवेल. त्याच्या मते आत्म्यात बदल होतच नाही. गौडपादकारिका (२.३२) तर परमार्थतः कुणी बद्ध नाही, साधक नाही, मुक्तही नाही असं म्हणते. बदलतं ते अंतःकरण. म्हणून अद्वैतासाठी दोन वेगळे आलेख काढ: चित्तशुद्धीचा हळूहळू चढणारा, आणि अज्ञानाचा १ वरून एकदम ० वर येणारा. तुझी गुळगुळीत रेघ खरी शोभते ती रामानुजांच्या मतात. तिथे जीवाचं धर्मभूत ज्ञान, म्हणजे त्याचा गुण असलेलं ज्ञान, संसारात आकसलेलं असतं आणि मोक्षात पूर्ण विस्तारतं, त्यामुळे ० आणि १ यांमधला सलग चल घ्यायला हरकत नाही.

सांख्याच्या वाटेने गेलास तर सत्त्व, रज, तम यांची बेरीज १ धरून त्रिकोण काढता येतो. रज-तमांना दाबून सत्त्व वर येतं, तशीच बाकीचेही आलटूनपालटून वर येतात, हे गीता १४.१० मध्ये आहेच. इथे बहुतेक जण सत्त्व = १ हा कोपरा म्हणजेच मोक्ष धरतात. तसं करू नकोस. १४.६ प्रमाणे सत्त्वसुद्धा बांधतं, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने. गुणातीत, म्हणजे तिन्ही गुणांपलीकडे गेलेला, हा त्रिकोणातला बिंदूच नाही. सत्त्व जास्तीत जास्त करणारं सूत्र तुला फार तर सर्वांत सात्त्विक बद्ध जीवापर्यंत पोचवेल.

आता आनंदाची मोजणी. तैत्तिरीय उपनिषदात तरुण, निरोगी, विद्वान, सगळी पृथ्वी धनासकट ज्याची आहे अशा माणसाचा आनंद हे एक एकक. त्यावर मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, आजानज देव, कर्मदेव, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि ब्रह्म, प्रत्येक पायरी आधीच्या शंभरपट. पायऱ्या दहा, म्हणजे १०० चा दहावा घात: १ वर वीस शून्यं. साध्या आलेखावर हे मावत नाही, लघुगणकी मापपट्टी घ्यावी लागते, जिच्यावर दर दहापटीला एक घर. त्यावर मात्र सरळ रेघ येते, दर पायरीला बरोबर २. बृहदारण्यकात (४.३.३३) हीच मोजणी आहे, पण पायऱ्या सहाच, म्हणून उत्तर १ वर बारा शून्यं. दोन्ही श्रुतीच. तेव्हा वीस शून्यं हा काही निसर्गाचा स्थिरांक नव्हे, एवढं यातूनच कळावं.

त्याहून मोलाची गोष्ट याच उताऱ्यात आहे. तैत्तिरीयात मनुष्यगंधर्वापासून पुढे दर वेळी ‘श्रोत्रियस्य चाकामहतस्य’ येतं. त्या त्या लोकातला आनंद, कामनेने न मारलेल्या वेदज्ञालाही तेवढाच. म्हणजे आनंद हे लोकाचं फलन नव्हेच, तो नुसता लोकावर ठरत नाही. त्याच जागी बसून कामना कमी केली तरी आकडा वाढतो. तुझ्या मांडणीत कामना हा चलच नाही. तो घाल, आणि छेदात घाल. कामना शून्याकडे गेली की भागाकार हाताबाहेर जातो. तिथे घाबरू नकोस. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिची तुलना थेट अच्युताशी केली: कितीही भूतं आत गेली, बाहेर आली, तरी त्याच्यात फरक पडत नाही.

कर्माचा हिशेब मात्र तू चुकीचा धरला आहेस. पुण्य उणे पाप अशी एकच शिल्लक काढली आहेस. शास्त्रात साधारणपणे दोन्हींची फळं वेगवेगळी भोगायची असतात, एकाने दुसरं आपोआप खोडलं जात नाही. प्रायश्चित्ताचा विचार स्वतंत्र आहे, तोही वेगळ्या रकान्यात. म्हणून पाप आणि पुण्य हे दोन रकाने ठेव आणि प्रत्येकाचं संचित असं लिही: पुढचं संचित (साठलेलं कर्म) = आजचं संचित + क्रियमाण (आता नवं होणारं) − या जन्मासाठी काढलेलं प्रारब्ध. ज्ञान झालं की संचित एकदम शून्य आणि नवं चिकटणं बंद, पण सुरू झालेलं प्रारब्ध देह पडेपर्यंत चालतं (ब्रह्मसूत्र ४.१.१३ ते १५). रामकुंडावरच्या स्नानाचं पुण्य पुण्याच्या रकान्यात जाईल. ते ज्ञानाच्या रकान्यात टाकलंस तर मीमांसा आणि वेदान्त दोघंही रागावतील.

जन्मांसाठी मार्कोव्ह साखळी घे, म्हणजे पुढची स्थिती फक्त आजच्या स्थितीवरून संभाव्यतेने ठरवणारी मांडणी, पण छोटी. तीन स्थिती पुरेत: मनुष्य, स्वर्ग, मुक्त. सरावासाठी मनातले आकडे घेऊ. मनुष्यातून मुक्त ०.०१, स्वर्ग ०.३०, पुन्हा मनुष्य ०.६९. स्वर्गातून मनुष्य १, कारण ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’ (गीता ९.२१). मुक्तातून परत येणं नाही (१५.६), म्हणून ती शोषक स्थिती. सोडव: सरासरी १३० टप्पे, त्यांत मनुष्यजन्म १००, स्वर्गवास ३०. आता स्वर्गाची संभाव्यता ०.६० कर, मनुष्याची ०.३९. टप्पे १६० झाले, मनुष्यजन्म १०० चे १००च. नुसत्या पुण्याने वाट लांबते, कामाचा एकही जन्म वाचत नाही. नवव्या अध्यायातलं म्हणणं असं आकड्यांत उतरलेलं पाहिलं की या खटाटोपाचं चीज होतं. (इथला स्वर्ग इंद्राचा. क्रममुक्तीतला, म्हणजे टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या मुक्तीतला, ब्रह्मलोक हवा असेल तर चौथी स्थिती लागेल.)

पण याच साखळीत एक मोठा दोष आहे. तिला स्मरण नाही. पन्नास जन्म साधना केलेल्याला आणि कालच सुरुवात केलेल्याला ती सारखेच शंभर जन्म सांगते. गीता म्हणते, केलेल्याचा नाश नाही (२.४०), पूर्वदेहीचा बुद्धिसंयोग, म्हणजे मागच्या जन्मी कमावलेली बुद्धी, परत मिळतो (६.४३). म्हणून संस्कार स्थितीतच घालावे लागतात. योगवासिष्ठाच्या सात भूमिका, शुभेच्छेपासून तुर्यगेपर्यंत, घेऊन बघ. दर जन्मी पुढे सरकण्याची शक्यता ०.१ आणि मागे घसरणं नाही असं धरलं, तर सात टप्प्यांना सरासरी ७० जन्म. फक्त भूमिकांची सरासरी काढू नकोस. तिसरी आणि पाचवी मिळून चौथी होत नाही. ते क्रमांक आहेत, मापं नव्हेत.

आणखी एक गृहीतक नकळत आत शिरतं. आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांची रीत करून बघ: संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लाव, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा कर, आणि उत्तरावर पुन्हा तेच. २०२५ घे: ५२२०−०२२५=४९९५, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४, आणि तिथून हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येते. ११११ मात्र ० वर जाते आणि तिथेच राहते. म्हणजे सगळे एकाच ठिकाणी पोचतीलच असं नाही, ते सुरुवातीवर ठरतं. वरच्या साखळीत प्रत्येक स्थितीतून मुक्तीकडे वाट आहे, म्हणून स्थिती मर्यादित असल्या की सगळे कधी ना कधी सुटणारच. ही सर्वमुक्ती झाली. ती तू सिद्ध केलेली नाहीस, गृहीत धरली आहेस. मध्वाचार्यांना ती मान्य नाही. त्यांच्याकडे मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य असे जीवांचे तीन वर्ग आहेत, म्हणजे एकमेकांत न मिसळणारे तीन तुकडे.

तर आता असं कर. एकच दर्शन निवड. वहीच्या एका पानावर तीन रकाने आख: गृहीतक, त्याला आधार असलेलं वचन, आणि त्याच्या विरोधात जाणारं वचन. ज्या गृहीतकाला दुसरा रकाना रिकामा राहील ते काढून टाक, समीकरण कितीही देखणं असलं तरी. मूळ ग्रंथ भाष्यासकट वाच. सार्वजनिक वाचनालयात चक्कर मार, सुटे श्लोक मोबाइलवरून उचलू नकोस. संभाव्यतेचे आकडे कुणाच्याही जीवनावरून काढू नकोस, स्वतःच्याही नाही. आपण ग्रंथाचं म्हणणं मांडतो आहोत, माणसांना गुण देत नाही. आकडे बदलून जो निष्कर्ष टिकतो तेवढाच लिही. वरचे ‘१०० चे १००च’ हे तसं आहे, ‘७०’ नाही.

पुढच्या पत्रासोबत ते तीन रकान्यांचं पान पाठव. आलेख नंतर बघू.

तुझा,
मार्गदर्शक