न बांधलेली वास्तू कागदावर
थेट पर्स्पेक्टिव्हला, म्हणजे डोळ्यांना दिसतं तशा चित्राला, हात घालू नकोस. आधी प्लॅन (इमारतीचा आडवा छेद, वरून पाहिलेला) आणि सेक्शन (उभा छेद). कापलेली भिंत जाड रेषेत, मागचं बारीक, डोक्यावरचा छज्जा तुटक रेषेत. सेक्शन कुठून घेतलाय ते प्लॅनवर बाणासकट दाखव, नाहीतर ज्युरी, म्हणजे परीक्षक, पहिल्यांदा तेच विचारणार. मग पर्स्पेक्टिव्हमध्ये क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, १.६ मीटरवर धर. सपाट जमिनीवर उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण तिथेच येतात.

आणि चित्रात माणूस काढच! फ्रेंच वास्तुकार बुलेने १७८४ मध्ये न्यूटनचं स्मारक रेखाटलं: १५० मीटर व्यासाचा, कधीच न बांधलेला गोल. पायथ्याशी मुंगीएवढी माणसं आहेत म्हणूनच तो अवाढव्य वाटतो. सेक्शनमध्ये तर घुमटाच्या भोकांतून येणाऱ्या उजेडाने भरदिवसा आत तारे चमकतात. माझ्या मते पर्स्पेक्टिव्हमध्ये हे इतकं स्पष्ट कळलं नसतं.