एका पानात काम दिसलं पाहिजे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : नोकरीचा बायोडाटा आणि अर्जाचं पत्र

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून नोकरीच्या अर्जांविषयी पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आयटीआयला फिटर ट्रेड केला, मग वर्षभर पाइपच्या कारखान्यात अप्रेंटिस होतो. दहावी, आयटीआय, अप्रेंटिसशिप एवढं लिहून अर्धं पानही भरत नाही. म्हणून मित्राच्या बायोडाट्यातून ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर’ उतरवून घेतलं. दोन महिने झाले, एकही फोन नाही.
– एक वाचक, वरणगाव

उत्तर : ते तीन शब्द आधी काढा. टेबलावर पडलेल्या प्रत्येक अर्जात ते असतात, त्यामुळे त्यांवरून कुणाला बोलवायचं हे ठरत नाही. तुमचं खरं भांडवल तुम्ही ‘अप्रेंटिस म्हणून एक वर्ष काम केले’ या एका ओळीत गुंडाळून टाकलंय. ती ओळ उलगडा.

कोरा कागद घेऊन तीन रकाने आखा : कोणतं यंत्र, त्यावर मी काय केलं, कशाने मोजलं. वर्षभरातलं आठवेल ते सगळं लिहा. पाइपच्या कारखान्यात एक्स्ट्रुडर, डाय, व्हॅक्यूम टँक, हॉल-ऑफ, कटर अशी लाइन असते. यातल्या प्रत्येकाजवळ तुम्ही उभे राहिला असाल, पण हात कुठे लावला ते महत्त्वाचं. मग त्या कागदावरून अशा ओळी तयार होतील :

‘पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रुजन लाइनवर मेंटेनन्स विभागात अप्रेंटिस, 12 महिने. डाय बदलताना सीनिअर फिटरला मदत. हॉल-ऑफ आणि कटरचे बेअरिंग, बेल्ट स्वतः बदलले. व्हर्निअर (लीस्ट काउंट 0.02 मिमी) आणि मायक्रोमीटर (0.01 मिमी) यांवर पाइपची जाडी मोजली. साधे ड्रॉइंग वाचता येते.’

यात ‘मदत’ आणि ‘स्वतः’ हे दोन शब्द जाणूनबुजून वेगळे ठेवलेत. फिटरची मुलाखत बऱ्याचदा शॉप फ्लोअरवरच, म्हणजे कारखान्यात यंत्रांजवळच होते. हातात व्हर्निअर देतात आणि रीडिंग सांगायला लावतात. मदतीला उभं राहून पाहिलेलं काम ‘स्वतः केलं’ म्हणून लिहिलं, तर ते तिथेच उघडं पडतं. मग बायोडाट्यातल्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

क्रम उलटा लावा. सगळ्यात वर नाव, फोन, गाव आणि तालुका. त्याखाली कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते एका ओळीत. मग अप्रेंटिसशिप, मग आयटीआय, शेवटी दहावी. आयटीआयचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळालं असेल तर वर्ष आणि टक्के द्या. अप्रेंटिसशिपची परीक्षा दिली पण प्रमाणपत्र आलं नसेल, तर ‘परीक्षा दिली, निकाल बाकी’ असंच लिहा.

तुमच्यासारख्या उमेदवाराबद्दल कंपनीला एक शंका असते, ती म्हणजे हा रोज वेळेवर येईल का. तिचं उत्तर बायोडाट्यातच द्या : ‘तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी. जळगावला खोली घेऊन राहीन.’ दुचाकी आणि लायसन्स असेल तर तेही लिहा, कारण रात्रपाळी सुटल्यावर एमआयडीसीतून गावी जायला एसटी मिळेलच असं नाही.

जात, उंची, वडिलांचा व्यवसाय, भावंडं हा लग्नाच्या बायोडाट्याचा मजकूर नोकरीच्या बायोडाट्यात नको. सुरक्षा रक्षकाच्या जाहिरातीत उंची मागितली असेल तर तेवढी द्यावी. हे सगळं काढून, कामाच्या ओळी घालूनही पाऊण पानच झालं तरी चालेल. रिकामं पाव पान खटकत नाही, पोकळ ओळी खटकतात.

प्रश्न : बी.कॉम. आहे. जळगावच्या एका डाळमिलमध्ये चार वर्षं हिशोब पाहिले. पगार रोखीने, पीएफ नाही, नेमणूकपत्र नाही. अनुभवाचा दाखला मागितला तर मालक टाळतात. आता नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स असिस्टंटसाठी अर्ज करायचाय. हा अनुभव लिहायचा का? आणि कव्हर लेटरमध्ये, म्हणजे बायोडाट्यासोबतच्या पत्रात, नेमकं काय लिहितात?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : अनुभव नक्की लिहा. दाखला नाही म्हणून चार वर्षं खोडायची गरज नाही. मात्र त्या मिलच्या लेटरहेडवर स्वतःच दाखला तयार करून घेण्याचा सल्ला कुणी दिला, तर अजिबात ऐकू नका. कंपनी लेटरहेडवरच्या नंबरवर फोन करते आणि खोटा दाखला निघाला तर रुजू झाल्यानंतरही नोकरी जाते. त्यापेक्षा मिलचं ऑडिट करणारे सीए किंवा तिथले मुनीमजी यांना विचारा : ‘माझ्या कामाबद्दल कुणी फोन केला तर सांगाल का?’ ते हो म्हणाले तरच त्यांचं नाव द्या, आणि तेही कंपनीने मागितल्यावर. पगार रोखीने होता हे बायोडाट्यात लिहायची गरज नाही, विचारलं तर सरळ सांगा.

आता मजकूर. ‘सर्व अकाउंटचे काम पाहिले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. रोज किती व्हाउचर, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, महिनाअखेरीला काय, जीएसटीत तुमचा वाटा कुठपर्यंत, हे लिहा. डाळमिलमधलं काम नाशिकच्या माणसाला समजेल अशा शब्दांत मांडायला हवं. बाजार समितीच्या खरेदीपट्ट्या, हमाली, तोलाई यांच्या नोंदी म्हणजे ‘खरेदीच्या नोंदी आणि पुरवठादारांची खाती’. बारदान आणि डाळीच्या पोत्यांचा महिनाअखेरचा ताळा म्हणजे ‘मालसाठ्याचा ताळमेळ’. काम तेच, फक्त वाचणाऱ्याच्या ओळखीच्या नावाने लिहायचं.

कव्हर लेटर म्हणजे बायोडाटा पुन्हा लिहून काढणं नव्हे. ‘जाहिरातीतलं काम मी केलंय’ एवढंच ते दाखवतं. दीडशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. जाहिरात इंग्रजी असेल तर पत्रही सोप्या इंग्रजीत लिहा, मराठी असेल तर मराठीत. नमुना असा :

‘आपल्या जाहिरातीत टॅली, बँक ताळमेळ आणि पुरवठादारांची खाती ही तीन कामे दिली आहेत. जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी ही तिन्ही कामे चार वर्षे केली. रोज साधारण 40 व्हाउचर टॅली प्राइममध्ये नोंदवणे, दर महिन्याला बँक ताळमेळ पूर्ण करणे आणि जीएसटीआर-1 ची माहिती तयार करून सीएंना देणे ही माझी जबाबदारी होती. रिटर्न सीए भरत असत.

इंजिनिअरिंग कंपनीच्या हिशोबांचा अनुभव मला नाही. मात्र कच्चा माल, तयार माल आणि बारदान यांचा महिनाअखेरचा ताळमेळ मी स्वतंत्रपणे करत असे.

नाशिकला राहायला येण्याची तयारी आहे. निवड झाल्यास 15 दिवसांत रुजू होता येईल. बायोडाटा सोबत जोडला आहे.’

आकडे आणि मुदती अर्थातच तुमच्या घाला. पहिलं वाक्य जाहिरातीतून उचललंय हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या अर्जात तेच बदलावं लागेल. ‘रिटर्न सीए भरत असत’ हे वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नका. मुलाखतीत जीएसटीचे प्रश्न कुठपर्यंत विचारायचे हे त्याने ठरतं, आणि माणूस सरळ आहे हेही दिसतं. हिशोबाच्या जागेला तर तेच आधी पाहतात. ‘आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळावी’ हे वाक्य मात्र काढून टाका.

हे पत्र वेगळी फाइल करून जोडण्यापेक्षा ईमेलमध्येच लिहा. पाठवण्याआधी कंपनीचं नाव पुन्हा वाचा. मागच्या अर्जातलं नाव तसंच राहून जाणं ही नेहमी होणारी चूक आहे आणि तिला माफी नसते.

प्रश्न : तीन वर्षं पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी केली. आता खासगी नोकरी बघतोय. हा काळ कसा दाखवू?
– एक वाचक, धुळे

उत्तर : एका ओळीत, सालासकट : ‘2022 ते 2025, स्पर्धा परीक्षांची तयारी.’ पूर्वपरीक्षा किंवा मैदानी चाचणी पार केली असेल तर तेही जोडा. त्या काळात अभ्यासिका सांभाळली, शिकवण्या घेतल्या, घरच्या दुकानात बसलात, तर ते काम म्हणून वेगळं लिहा. सालं पुढे-मागे करून खड्डा बुजवू नका, गुणपत्रिकेवरची तारीख सगळं सांगते. कंपनीला खरी धास्ती असते ती पुढची जाहिरात निघाली की तुम्ही निघून जाल याची. तयारी खरंच थांबवली असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा. थांबवली नसेल तर लिहू नका.

प्रश्न : भाषांमध्ये अहिराणी लिहिली तर गावठी वाटेल का?
– एक वाचक, साक्री

उत्तर : नोकरी कोणती आहे ते पाहा. बियाणं, खतं, ठिबक, ट्रॅक्टर, कर्जवसुली अशा गावोगाव फिरण्याच्या कामासाठी अहिराणी पहिल्या ओळीत लिहा. शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस कंपनीला बाहेरून आणता येत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी, भिली येणं आणि नवापूरकडे गुजराती येणं, ही तशीच जमेची बाजू आहे. पुण्यातल्या संगणकाच्या कामाला यांचा उपयोग नाही, तिथे जागा वाचवा. प्रत्येक भाषेपुढे बोलता, वाचता, लिहिता यांपैकी काय येतं तेही द्या.

प्रश्न : डीटीपीच्या दुकानातून मराठी बायोडाटा करून घेतला आणि वर्डची फाइल पाठवली. समोरून उत्तर आलं, ‘अक्षरं वाचता येत नाहीत.’ दुकानात तर नीट दिसत होतं!
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : त्या दुकानात जुन्या पद्धतीचा फाँट वापरलेला दिसतो, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखा. तो फाँट ज्या संगणकावर नाही तिथे भलतीच अक्षरं दिसतात. पीडीएफ केलं की डोळ्यांना नीट दिसतं, पण नोकरीच्या वेबसाइटवर चढवल्यावर आतला मजकूर तसाच विस्कटलेला राहतो. तपासायला सोपं आहे : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. वाचता आली तर फाइल ठीक. नाही आली तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर दिसणाऱ्या मराठीत, पुन्हा टाइप करून घ्या. मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये तुम्हाला स्वतःलाही करता येईल.

दोन रकान्यांची, चौकटींची, रंगीत पट्ट्यांची डिझाइनं टाळा. वेबसाइट मजकूर उचलताना डावा-उजवा रकाना एकमेकांत मिसळते आणि फोन नंबर शिक्षणाच्या जागी जाऊन बसतो. एकच रकाना, 11 किंवा 12 आकाराची अक्षरं. फाइलचं नाव इंग्रजीत, तुमचं नाव आणि पद असं ठेवा, नुसतं ‘बायोडाटा न्यू फायनल’ नको.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आताचं नाव लिहून खाली ‘गुणपत्रिकेवरील नाव’ ही ओळ द्या, म्हणजे कागदपत्रं तपासताना अडत नाही. आधार नंबर, बँक खातं, गुणपत्रिकांचे फोटो पहिल्या अर्जासोबत पाठवू नका, मागितल्यावर द्या. आणि मुलाखतीआधीच ‘रजिस्ट्रेशन’, ‘युनिफॉर्म’ किंवा ‘लॅपटॉप डिपॉझिट’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत तक्रार झाली तरच ती अडवता येण्याची शक्यता असते.