प्रत परत मागायची नाही

प्रिय मित्रा,

तुझं नाव लिहीत नाही. जुनी खोड आहे. आमच्या पत्रव्यवहारात पाकीट सोडलं तर कुठेच कुणाचं नाव नसे.

परवा रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. तुझं इन्स्टावरचं पेज गेलं. तीन वर्षं, २१२ पोस्टी, अकरा हजार माणसं, आणि उठून बघतोस तर पान उपलब्ध नाही. दाद मागितलीस तर उत्तर यंत्राने दिलं. आणि शेवटी तुझा प्रश्न: "काका, आता कुठल्या ॲपवर जाऊ? तुमच्या वेळी ती झीन होती, तसं आता काय आहे?" झीन म्हणजे घरच्या घरी काढून हातोहात वाटायचा छोटा अंक.

एसटी स्टँडवर, आपण गे आहोत हे आईला सांगून टाकणाऱ्या त्या मुलाची गोष्ट तू टाकली होतीस. आई आधी म्हणते, गाडी सुटेल, चढ, खिडकीपाशी बस. आणि मग खिडकीतून डबा देते. मी ती तीनदा वाचली होती. काल पुन्हा वाचावीशी वाटली. माझ्याकडे नाही. तुला विचारलं तर म्हणालास, "माझ्याकडे पण नाही, मी थेट तिथेच टाईप करायचो."

तिथेच टाईप करायचो! चहाचा कप खाली ठेवला मी. वाईट वाटलंच, पण जास्त रागच आला, आणि तो सगळा काही तुझ्यावरचा नव्हता. ते येईल पुढे.

आधी तुझा प्रश्न. कुठलं ॲप, हे मला विचारू नकोस. मला एकच गोष्ट कळते आणि ती मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: प्रत दुसऱ्याच्या घरी हवी. तुझे अकरा हजार लोक तुझ्याकडे यायचे, बघायचे, बदाम टाकायचे, जायचे. घरी कुणी काही नेलं नाही. सगळ्या प्रती एकाच मालकाच्या गोदामात होत्या, आणि मालकाने शटर ओढलं.

१९४७ साली लॉस एंजेलिसच्या आरकेओ या सिनेमाच्या स्टुडिओत एडिथ आइड नावाची पंचवीस वर्षांची मुलगी सेक्रेटरी होती. काम थोडं, पण साहेबाला ती रिकामी दिसलेली चालत नसे. मग तिने ऑफिसच्याच टाईपरायटरवर लेस्बियन बायकांसाठी 'व्हाइस व्हर्सा' काढायला घेतलं. पाच कार्बन घालून एकदा टाईप करायचं, मग तोच मजकूर पाच कार्बन घालून पुन्हा पहिल्यापासून. दहा-बारा प्रती निघाल्या की झाला अंक. सुरुवातीला ती पोस्टाने पाठवायची. धोका आहे असं एका मैत्रिणीने बजावल्यावर हातोहात द्यायला लागली. वाचकांकडे मागणं एवढंच, की वाचून फेकू नका, दुसरीला द्या. जून १९४७ ते फेब्रुवारी १९४८, नऊ अंक. ते आजही वाचता येतात. दहा-बारा प्रती, रे! तुझे अकरा हजार होते.

आणि मेसेजमध्ये तू लिहिलंयस ते 'तिघंच आहोत आम्ही' तर मला सांगूच नकोस. टोरंटोत १९८५ मध्ये जी. बी. जोन्स आणि ब्रूस लाब्रूस यांनी 'जे.डी.ज' नावाचं झीन काढलं तेव्हा तीही मूठभरच होती. पण अंक असा लिहिला की जणू अख्खं शहर गे-लेस्बियन पंक पोरापोरींनी भरून वाहतंय. लांबच्या गावातल्या वाचकांना ते खरं वाटलं आणि त्यांनी आपापले अंक काढले. थाप होती, पण कामाची थाप. सॅन फ्रान्सिस्कोत १९८८ ला 'होमोकोर' सुरू झालं. ते काढणाऱ्या दोघांतला एक टॉम जेनिंग्ज, म्हणजे ज्याने १९८४ मध्ये फिडोनेट उभं केलं तोच. लोकांच्या घरातले कॉम्प्युटर रात्री फोनच्या तारेवरून एकमेकांना निरोप द्यायचे, आणि जाहीर गप्पांतल्या निरोपाची प्रत त्या गप्पांत असलेल्या प्रत्येक घरी राहायची. ज्याला यंत्र इतकं कळत होतं तोच माणूस झेरॉक्सही काढत बसला होता. कागद की स्क्रीन हा वाद म्हणूनच मला फिजूल वाटतो. प्रत कुणाच्या घरी आहे ते बोल.

आपल्याकडचं तुला माहीत आहे असं धरून चालतो. १९८६ ला तिकडे कॅलिफोर्नियात 'त्रिकोण' निघालं, १९९० ला अशोक राव कवींनी इथे 'बॉम्बे दोस्त', पुढे कलकत्त्याहून 'प्रवर्तक', आणि १९९८ पासून मुंबईच्या स्त्री संगम या लेस्बियन-बायसेक्शुअल बायकांच्या गटाचं 'स्क्रिप्ट्स'. 'बॉम्बे दोस्त' २००२ ला थांबलं आणि २००९ ला पुन्हा निघालं. मला त्याचा पहिला अंक दादरला एका मित्राच्या ऑफिसबॅगेतून मिळाला, तपकिरी कागदात, वर लग्नपत्रिकेला बांधतात तसा दोरा. पुण्याला परतताना डेक्कन क्वीनमध्ये उघडायची हिंमत झाली नाही. संडासात जाऊन वाचला, लोणावळा ते शिवाजीनगर. बाहेर रांग लागली होती.

त्यात मराठी नव्हतं. म्हणून मराठीत काढायची खुमखुमी. आणि हो, तू झीन-झीन करतोस, त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: अनियतकालिक. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या कवींनी 'शब्द' सायक्लोस्टाईलवरच (मेणकागदाची स्टेन्सिल कापून प्रती काढायचं यंत्र) काढलं होतं. काढणाऱ्याच्या खिशावर आणि तब्येतीवर ज्याची तारीख ठरते ते अनियतकालिक. शब्दातच सोय आहे.

तर १९९३ ला मी काढलं. नाव सांगणार नाही, फार भाबडं होतं. मी बँकेत होतो. मराठी टाईपरायटर एका निवृत्त शिरस्तेदाराकडून घेतलेला. रिबन बाजूला करून स्टेन्सिल कापायची. मराठीत स्टेन्सिल कापणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही: अनुस्वाराचा ठोका जरा जोरात पडला की मेणकागदाला भोक, आणि छापताना तिथून शाईचा ठिपका. "मी एकटा नाही" लिहायचो तोवर ठीक, पण "आपण एकटे नाहीं आहोंत" असलं जुन्या वळणाचं कुणाचं पत्र आलं की पान गोवर आल्यासारखं दिसायचं. चुकीवर लाल औषध लावायचं, फुंकर घालायची, वाळल्यावर वरून पुन्हा ठोकायचं. आठ पानं, चाळीस प्रती.

बुकपोस्ट स्वस्त होतं, पण बुकपोस्टचं पाकीट उघडं ठेवावं लागायचं. कलम ३७७ होतं, म्हणजे आपले संबंधच गुन्हा होते. उघडं पाकीट कोण पाठवणार? बंद पाकिटाचं तिकीट लावायचो, पगारातून.

आणि इथे मी माती खाल्ली. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर मी रबरी शिक्का मारायचो: 'वाचून परत करावे'. ग्रंथालयासारखं. मला वाटायचं, अंक कुणाच्या कपाटात राहिला, बायकोच्या किंवा आईच्या हाती लागला, तर त्या माणसाचं काय? म्हणून सगळं परत मागवायचं, वहीत टिक करायची, आणि वाड्याच्या माळ्यावर लोखंडी पेटीत ठेवायचं. जे परत करत नसत त्यांना कडक पत्र लिहायचो. सात अंक निघाले. २८० प्रतींपैकी २७१ परत आल्या. या आकड्याचा मला तेव्हा अभिमान होता.

१९९६ च्या मार्गशीर्षात धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. घराची झाडलोट सुरू झाली, भाऊ माळा आवरायला शिडी लावायला निघाला. आदल्या पहाटे साडेचारला उठून मी पेटी खाली काढली आणि सगळं बंबात घातलं. थोडं थोडं घालावं लागतं, नाहीतर धूर कोंडतो. तासभर लागला. त्या दिवशी आंघोळीचं पाणी इतकं कढत होतं की वडील ओरडले. आई बंबाची राख भांडी घासायला घ्यायची. दुपारी तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. राख चाळली तर स्टेपलरच्या पिना, ओंजळभर, काळ्या पडलेल्या. तिने त्या एका दंतमंजनाच्या डबीत भरल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. काही विचारलं नाही.

आता तू म्हणशील, काकांनी भित्रेपणा केला. तू असतास तर काय केलं असतंस? बहिणीचं लग्न मोडू दिलं असतंस? माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, आणि ते बंबात घालणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पेटीत एक संच असता आणि तो जळला असता तर जळला असता. चूक त्याआधी तीन वर्षं, दर शिक्क्याला होत होती. लोकांना जपतो म्हणता म्हणता मी त्यांच्या हातातलं काढून घेत होतो. चाळीस घरांत जे सुरक्षित राहिलं असतं ते मी एका पेटीत आणून ठेवलं, एका काडीच्या सोयीने. कबूल करायला मला पंधरा वर्षं लागली, आणि अजून अर्धंच करतोय, ते दिसतंच आहे.

मग आता कर काय? एक ए-फोर कागद घे. तीनदा घडी घाल, उलगड, मधोमध एक चीर दे, पुन्हा दुमड. आठ पानांची पुस्तिका होते, पिनसुद्धा लागत नाही. (पिनांशी माझं वाकडं आहे.) झेरॉक्स चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडते. त्याचीच पीडीएफ कर, हलकी, जुन्या फोनवर उघडेल अशी, आणि व्हॉट्सॲपवर सोड. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, आणि ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं. तुला ते कमी वाटेल. मला ती चाळणी आवडते: २५६ माणसांनी तुझा नंबर स्वतःच्या हाताने लिहून ठेवला असेल तर बाकीच्या पावणेअकरा हजारांचं लोणचं घाल. ईमेलने पाठवणार असशील तर पत्त्यांची यादी दर महिन्याला उतरवून घेत जा. अंकाला क्रमांक दे, तारीख दे. बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूलमध्ये 'कमरा' (QAMRA) नावाचा आपल्यासारख्या क्वीअर लोकांच्या कागदपत्रांचा संग्रह आहे, तिकडे लिही आणि तुझा अंक ठेवून घेतील का विचार. इन्स्टावर पाहिजे तर परत जा, खुशाल जा, पण मुखपृष्ठ दाखवायला. दुकानाच्या पाटीवर कुणी कादंबरी लिहितं का?

तू विचारलं होतंस, अंक वाचणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी सापडला तर? तोच प्रश्न मला पडला होता. माझं उत्तर शिक्का होतं. तुझं उत्तर टोपणनाव असू दे, गावाचं नाव बदलणं असू दे, मुखपृष्ठावर स्टँडचं साधं चित्र असू दे. आणि ठेवायचं की फाडायचं हे ज्याच्या हातात आहे त्याला ठरवू दे. तो तुझ्यापेक्षा स्वतःचं घर जास्त ओळखतो. हे मला कुणी १९९३ ला सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरं.

जिओसिटीज या लोकांना फुकट पानं देणाऱ्या जुन्या वेबसाइटवर 'वेस्ट हॉलिवूड' नावाची एक अख्खी वस्ती होती, आपल्यासारख्यांच्या घरगुती पानांची. २००९ मध्ये ते सगळं बंद झालं. जे उरलं त्यातलं बरंचसं अनोळखी उत्साही लोकांनी शेवटच्या महिन्यांत रात्री जागून स्वतःच्या मशीनवर उतरवून घेतलं म्हणून. ऐकतोयस ना? दुसऱ्याच्या घरी.

एसटी स्टँडची गोष्ट आठवून पुन्हा लिही. तशीच येणार नाही, येऊ दे वेगळी. डबा मात्र विसरू नकोस.

त्या २७१ च्या पलीकडच्या नऊ प्रतींमधली एक मिरजेच्या एका गृहस्थांकडे होती. मी त्यांना तीन कडक पत्रं लिहिली होती, तिसऱ्यात 'विश्वासघात' असा शब्द वापरून. २०११ ला त्यांनी चौथा अंक पाठवला, सोबत चिठ्ठी: "उशिराबद्दल क्षमस्व." झेरॉक्स काढून मूळ अंक मी त्यांना परत पाठवला. आता माझ्याकडे ती झेरॉक्स एवढीच आहे.

तुझा पहिला अंक निघाला की मला दोन पाठव. दुसरा मिरजेला जाईल.

तुझा,
काका