टॉवेल कधी टाकायचा? बॉक्सिंगबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात स्पारिंगबद्दल, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की थांबायचं कधी हे शिकणं पण ट्रेनिंगचाच भाग आहे. सगळ्यात जास्त मेसेज त्या एका ओळीवर आले. त्यातले पाच घेतलेत, नावं काढून टाकलीयेत.

प्रश्न: मुलगा 15 वर्षांचा आहे, दीड वर्षापासून बॉक्सिंग करतो. मागच्या आठवड्यात स्पारिंगनंतर दोन दिवस डोकं दुखत होतं, एकदा उलटीही झाली. सर म्हणतात होईल सवय. रविवारी जिल्हा स्पर्धा आहे, पाठवू का?

ताई, नाही. हा प्रश्न मी मुद्दाम पहिला घेतलाय. आजच्या आज त्याला डॉक्टरकडे न्या, शक्यतो न्यूरोच्या, आणि स्पारिंगमध्ये डोक्याला मार लागलाय हे स्पष्ट सांगा, कारण ही पोरं डॉक्टरसमोर "काही नाही, ॲसिडिटी झाली" म्हणून मोकळी होतात. सवय पायांना होते, मनगटाला होते, मेंदूला ठोशांची सवय होत नाही. आधीचा मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते आणि हा धोका नेमका या वयातल्या पोरांना जास्त असतो, दुसरा ठोसा अगदी हलका असला तरी.

स्पर्धेत डोक्याला मार बसून रेफरीने बाऊट (लढत) थांबवली की त्या बॉक्सरला कमीत कमी 30 दिवस रिंगपासून लांब ठेवतात, वारंवार झालं तर आणखी जास्त. तुमच्या मुलाला सरावात लागलं, कुठे नोंद झाली नाही, म्हणून त्याला कुणी थांबवलं नाही एवढंच. घरी लक्ष ठेवा: तोच प्रश्न परत परत विचारणं, उजेड सहन न होणं, उगाच चिडचिड, झोपेचं गणित बिघडणं. उलट्या परत सुरू झाल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा झोपेतून नीट जागा होईना तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. डॉक्टरने परवानगी दिली की आधी नुसतं चालणं-पळणं, मग शॅडो (हवेत ठोसे मारणं), मग बॅग, आणि स्पारिंग सगळ्यात शेवटी. जिल्हा स्पर्धा पुढच्या वर्षी पण असते. आणि हे सगळं सांगूनही सर "सवय होईल"च म्हणत असतील तर सर बदला, हे मी स्वतः कोच असून सांगतोय.

प्रश्न: धाकट्या भावाच्या बाऊटला मी कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात त्याच्या मदतीला होतो. दुसऱ्या राउंडला दोन काउंट खाल्ले (मार बसला म्हणून रेफरीने दोनदा आकडे मोजले), तिसऱ्यात मी लढत थांबवायला टॉवेल टाकला. आता तो बोलत नाही, म्हणतो मी जिंकलो असतो. माझं चुकलं का?

नाही चुकलं. पण याचं उत्तर जरा लांब आहे, कारण या गोष्टीवर मी वर्षानुवर्षं विचार करतोय.

1 ऑक्टोबर 1975, मनिला, मोहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझियर, तिसरी लढत. चौदाव्या राउंडनंतर फ्रेझियर स्टुलावर येऊन बसला तेव्हा त्याचा उजवा डोळा सुजून बंद झालेला आणि डाव्याने त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, म्हणजे अलीचा राइट हँड येताना दिसतच नव्हता. एकच राउंड उरला होता, तीन मिनिटं. फ्रेझियर "मला जाऊ द्या" म्हणत होता आणि त्याचा कोच एडी फच याने लढत थांबवली. पलीकडच्या कॉर्नरमध्ये अलीची अवस्था पण काही बरी नव्हती, त्यामुळे लोक आजही वाद घालतात की फचने घाई केली का. मला तो वादच पटत नाही. समोरचा किती थकलाय हे बघून आपला पोरगा आत ठेवायचा नसतो, आपल्या पोराला ठोसा दिसतोय का एवढंच बघायचं असतं.

2020 च्या फेब्रुवारीत वाइल्डर-फ्युरी लढतीत वाइल्डरच्याच कॉर्नरमधल्या मार्क ब्रेलंडने सातव्या राउंडला टॉवेल टाकला. वाइल्डर इतका चिडला की त्याने ब्रेलंडला टीममधून काढून टाकलं. म्हणजे तुमच्या घरात जे झालं ते जगज्जेत्याच्या कॉर्नरमध्ये पण झालंय. बॉक्सर चिडणारच, कधीही थांबायचं नाही हेच आपण त्याच्या डोक्यात भरलेलं असतं, तेव्हा तो स्वतःहून थांबेल ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून थांबवायचं काम ठोसे न खाणाऱ्या माणसाचं. रेफरी असतो, रिंगसाइड डॉक्टर असतो, पण तुमच्या भावाचा चेहरा रोज बघणारे तुम्हीच आहात.

माझ्याकडून एकदा हे झालं नाही, तेही सांगतो. पोरगा पॉइंट्सवर पुढे होता, दुसऱ्या राउंडनंतर स्टुलावर बसला, मी पाणी दिलं, गमशील्ड (दातांवरचं कवच) धुतली, विचारलं "ठीक?", तो "हो सर" म्हणाला, पण ते "हो" एक सेकंद उशिरा आलं. मला तो उशीर जाणवला आणि तरी मी त्याला उठवलं, मेडल दिसत होतं मला. बाऊट जिंकला तो. खाली उतरल्यावर मला विचारतो, "सर, माझी बाउट कधी आहे?" नशीब थोर म्हणून महिनाभराने पूर्ण बरा झाला. त्या दिवसापासून मी "ठीक?" विचारत नाही, कारण त्याला "हो" हेच उत्तर येतं. मी विचारतो कितवा राउंड झाला, समोरचा कुठल्या हाताने मारतोय. उत्तर लगेच आलं पाहिजे आणि बरोबर आलं पाहिजे. शिवाय पाय बघतो: थकलेला माणूस पाय घासत चालतो पण सरळ चालतो, मार बसलेला माणूस कॉर्नरकडे येताना किंचित एका बाजूला जातो.

भावाशी आत्ता वाद घालू नका, आठवडा जाऊ द्या. मग दोघं मिळून बाऊटचा व्हिडिओ बघा आणि पुढच्या वेळी टॉवेल कशावर टाकायचा ते आधीच ठरवा, दोन काउंट, उशिरा उत्तर, जे काय असेल ते. ते त्याच्याच तोंडून ठरलं तर पुढच्या वेळी तुमच्याशी अबोला धरणार नाही तो.

प्रश्न: डोळ्याला लागल्यामुळे मी बाऊट मध्येच सोडली, स्वतः हात वर केला. आता क्लबमध्ये पोरं पळपुटा म्हणतात. परत जायची इच्छाच होत नाही. (वय 20)

नोव्हेंबर 2020 मध्ये लंडनला डॅनियल ड्युबॉ जो जॉइसविरुद्ध दहाव्या राउंडला गुडघ्यावर बसला आणि काउंट पूर्ण होऊ दिला. माजी बॉक्सर लोकांनी सुद्धा त्याला नको नको ते बोललं. नंतर कळलं की डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. त्याच ड्युबॉने सप्टेंबर 2024 ला वेम्बलीवर अँथनी जोशुआला नॉकआउट केलं, वर्ल्ड टायटलच्या लढतीत.

याच्या उलट एक आठवण आहे आणि ती फार वाईट आहे. 1995 ला लंडनमध्येच, नायजेल बेनविरुद्ध जेराल्ड मॅक्लेलन दहाव्या राउंडला असाच गुडघ्यावर बसला. बघणाऱ्यांना वाटलं हा मैदान सोडतोय. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. थोड्या वेळात तो कोसळला, जीव वाचला पण दृष्टी गेली, आयुष्य अंथरुण-खुर्चीत गेलं. बाहेर उभ्या माणसाला आत काय चाललंय ते कळत नाही, तुला चिडवणाऱ्या पोरांना पण कळलेलं नाही.

डोळा नीट तपासून घेतलास का ते तू लिहिलं नाहीस. आधी ते कर, पडदा वगैरे सगळं. दुखापत होती म्हणून थांबलास तर विषय संपला. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली म्हणून थांबला असशील तरी परत जाता येतं. पनामाच्या रॉबर्टो दुरानने 1980 ला शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या राउंडला चक्क पाठ फिरवली होती, सगळ्या पनामाने शिव्या घातल्या, तोच माणूस 1983 ला आणि परत 1989 ला चॅम्पियन झाला. फक्त कोचला खरं कारण सांग, म्हणजे तयारी त्यावर करता येईल.

प्रश्न: वय 24, सात वर्षं खेळतेय. स्टेटला दोनदा ब्रॉन्झ, नॅशनलला पहिल्या-दुसऱ्या राउंडलाच बाहेर. स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीसाठी ट्रायल देतेय, होत नाहीये. घरचे म्हणतात आता पुरे. जिद्द सोडू का?

तुला सगळे निखत झरीनचं उदाहरण देतील, मी पण देतो पण पूर्ण देतो. 2011 ला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, 2017 ला खांद्याची दुखापत, 2019 च्या डिसेंबरमध्ये ट्रायलला मेरी कोमकडून एकतर्फी हार, आणि मग 2022 ला इस्तंबूलमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, 2023 ला दिल्लीत परत. मधली अकरा वर्षं लोक विसरतात. पण ती टिकून राहिली तेव्हा तिच्यामागे घर होतं, कॅम्प होता, उपचार होते, हेही विसरतात. नुसत्या जिद्दीवर कुणी अकरा वर्षं काढत नाही.

म्हणून मेडल मोजू नकोस, दोन गोष्टी बघ. एक, शेवटच्या सहा बाउट्सचे व्हिडिओ घे आणि तुझ्या क्लबबाहेरच्या एखाद्या कोचला दाखव. हरतेयस ती त्याच चुकीवर की दर वेळी वेगळ्या? वेगळ्या असतील तर तू अजून वाढतेयस. तीन वर्षं तोच लेफ्ट हुक खात असशील तर कोच बदल किंवा वजनगट बदलता येतो का बघ, पण आहे तसंच आणखी एक वर्ष काढू नकोस. दोन, पैसे. घरच्यांचं "पुरे" हे पुष्कळदा खर्चाबद्दल असतं, तुझ्याबद्दल नसतं, बसून स्पष्ट बोल.

आणि एक तारीख ठरव, कागदावर लिही, आईबाबांना दाखव: अमुक स्पर्धेपर्यंत खेळेन, तोपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. ही तारीख हरल्याच्या आठवड्यात ठरवायची नाही, आणि जिंकल्याच्या आठवड्यात पुढे ढकलायची नाही. दरम्यान डिग्री आणि कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स चालू ठेव. मुलींना शिकवायला बाई कोच हव्यात आणि मिळत नाहीत, ही गरज मी रोज बघतो. तारीख आली आणि थांबलीस तर सात वर्षं वाया गेली असं मनात पण आणू नकोस, मला पुढे काय केलंस ते कळव.

प्रश्न: वय 46, फिटनेससाठी बॉक्सिंग सुरू केलंय, मजा येतेय. स्पारिंग करावं का?

दादा, बॅग, पॅड, दोरी, शॅडो जेवढं हवं तेवढं करा, बीपी एकदा तपासून घ्या. स्पारिंग नको. डोक्याला मार न लागता सगळा घाम निघतो. आणि हातावर पट्टी नीट बांधायला कुणाकडून तरी समोर बसून शिका, पहिल्या महिन्यात बहुतेकांची मनगटंच दुखावतात.