माझ्या हातून शुभकार्य कसं होणार?

"मॅडम, मी लग्न लावलं तर ते कायद्यानं ग्राह्य धरतील का?" माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या बाईंनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

बाई देवगड तालुक्यातल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. वय ६३, नवरा जाऊन १९ वर्षं झाली. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) बहिणीच्या मुलीचं लग्न २०२५ च्या मे अखेरीला समुद्राकाठच्या लॉनवर ठरलं होतं. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस त्या वर्षी २५ मेलाच देवगडला पोचला. त्याआधीचे चार दिवसही धो धो गेले होते. लॉनवर घोटाभर पाणी, मांडवाचे बांबू आडवे. लग्न पुढं ढकललं. चाकरमानी रजा संपवून मुंबईला गेले, गुरुजींना नवी तारीख जमेना. चारशे माणसांचं लग्न चाळिसांवर आलं आणि लॉनवरून घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. भाची म्हणाली, "मावशे, तूच लाव आमचा लगीन."

मी कायद्याचं उत्तर दिलं, कारण विचारलेल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय माणूस पुढचं बोलत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं सातवं कलम सांगतं की वधू किंवा वर, कुणाही एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत. सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. विधी कुणी सांगावेत, हे त्यात लिहिलेलं नाही. आणि सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला तेव्हापासून भटजींशिवाय लग्नं लागत आली आहेत.

पण इथे तर हा प्रश्नच नव्हता. भाचीचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली आधीच झालेलं. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकाऱ्यांसमोर सह्या, तीन साक्षीदार. तिसरी सही बाईंचीच होती!

मी विचारलं, "बाई, ती सही करताना भीती वाटली होती?"

"नाही."

"का नाही वाटली?"

बराच वेळ त्या पदराच्या टोकाला पीळ देत राहिल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, "थंय कोण बघूक नव्हता."

असे प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका मला वर्षातून दोन-तीन तरी भेटतात. मुलाला हळद लावू का, नातीच्या बारशाला पाळण्याला हात लावू का. विचारतात शास्त्राबद्दल, आणि डोळ्यांपुढे असतात शेजारच्या चार बायका. म्हणून "शास्त्रात असं काही नाही" एवढं सांगून भागत नाही. माझीही त्या दिवशी चूक झालीच. मी उत्साहानं हेरवाडचं सांगितलं: कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगणारं परिपत्रक काढलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तो कागद आमच्या खळ्यात कोण वाचणार?"

खरं होतं ते. मग मी कागद सोडला आणि खळ्यातच शिरले. कोण काय बोलेल? "लोक" म्हणायचं नाही, नाव घ्यायचं, असं ठरलं. चाळिसांतून नावं निघाली फक्त दोन. एक दूरच्या नात्यातली, तिच्या बोलण्याचं बाईंना फारसं काही वाटत नव्हतं. दुसरी त्यांची सख्खी जाऊ. नवरा गेला त्या दिवशी याच जाऊबाईंनी त्यांच्या हातातल्या बांगड्या फोडल्या होत्या. हे सांगताना बाईंनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं. आमचा त्या दिवसाचा उरलेला वेळ त्या मनगटापाशीच गेला, लग्नाचं बोलणं झालंच नाही. ते योग्यच झालं असं मला वाटतं.

दुसऱ्या भेटीत मात्र आम्ही नुसती तयारी केली. घाबरलेल्या माणसाला हाताला काम लागतं. मंगलाष्टकं मोठ्या अक्षरात लिहून कागद प्लास्टिकच्या पिशवीत. वारा समुद्राकडून येणार, म्हणून बाईंनी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे आवाज माणसांकडे जाईल. सप्तपदीच्या तांदळाच्या राशी वाऱ्यानं उडतील म्हणून त्या केळीच्या पानावर, प्रत्येकीवर सुपारी. ही युक्ती बाईंचीच. प्रत्येक पावलाचं वचन मालवणीत, भाचीला कळेल असं. आणि मध्येच रडू आलं तर? थांबायचं, पाणी प्यायचं, त्याच ओळीपासून पुन्हा सुरू करायचं. हे आम्ही तीनदा करून पाहिलं.

मला आमंत्रण होतं, पण मी गेले नाही. माझ्याकडे बघून त्यांनी उभं राहावं असं मला नको होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडीप मिळाली. पंधरा दिवसांनी बाई आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच सांगायला लागल्या. दुसऱ्या मंगलाष्टकाला आवाज गेला. पाणी प्यायचं आठवलंच नाही. अंतरपाटापलीकडून भाची म्हणाली, "मावशे, मी हय आसय. वाच तू." मग वाचलं, शेवटपर्यंत. अक्षता पडल्या तेव्हा आपण मागे सरकायचं विसरलो, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"आणि जाऊबाई?"

सप्तपदीच्या वेळी त्या उठून घरी गेल्या, जेवल्या नाहीत. हे सांगताना बाईंचा आवाज बसला. मी "जाऊ द्या" म्हटलं नाही. इतक्या वर्षांचं नातं, दुखणारच. दुसऱ्या दिवशी बाईच डब्यात लग्नाचे लाडू घेऊन त्यांच्या दारात गेल्या होत्या. जाऊबाईंनी डबा घेतला. आत ये म्हणाल्या नाहीत.

आमच्याकडे कुणी डबा रिकामा परत देत नाही. बाईंचा डबा अजून तिकडेच आहे.